‘निगेटिव्ह आणा, मग हजर व्हा’ म्हणणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शाळांचे मुख्याध्यापक, आश्रमशाळा व वसतिगृहांचे अधीक्षक, आणि जिनिंग, डाळमिल, केळीची पॅकहाउस व एमआयडीसीतले कारखाने चालवणारी मंडळी यांस,

स.न.वि.वि.

सर्दी-तापातून उठलेल्या माणसाला तुम्ही दारात थांबवता आणि एकच कागद मागता: निगेटिव्ह रिपोर्ट, म्हणजे नाका-घशात कोरोनासारखा विषाणू सापडला नाही असा. तो कागद आम्ही काढतो. खान्देशातल्या लहान-मोठ्या प्रयोगशाळांत स्वॅब घेणारे, त्यातून आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर, काढणारे, यंत्रावरचा आलेख पाहून सही करणारे आम्ही लोक. आमची विनंती अशी, की हा कागद मागणं बंद करा. तुम्हाला जे हवं आहे ते त्यावर लिहिलेलं नसतं.

तुम्हाला हवं असतं ते एवढंच, की या माणसापासून आता दुसऱ्याला लागण होईल का. आरटी-पीसीआर तपासणीला हा प्रश्न विचारलेलाच नसतो. नाका-घशातून आलेल्या नमुन्यात विषाणूच्या आरएनएचा ठरावीक तुकडा आहे की नाही, इतकंच ती पाहते. कोरोनाच्या विषाणूचा आरएनए सुमारे ३०,००० अक्षरांचा. किट त्यातली दोन-तीन ठिकाणं शोधतं, प्रत्येक ठिकाण शंभरेक अक्षरांचं. उरलेला विषाणू अख्खा आहे, फुटलाय की कधीच मेलाय, हे यंत्राला कळायची सोय नाही.

सातबारा घ्या. आजोबा जाऊन दहा वर्षं झाली, वारसनोंद कोणी लावली नाही, तर उताऱ्यावर आजोबांचं नाव तसंच. उतारा खोटा नाही, नाव खरोखर तिथे आहे. पण म्हणून आजोबा उद्या पेरणीला येतील असं कोणी तलाठीही म्हणणार नाही. बरं झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आलेला पॉझिटिव्ह रिपोर्ट बहुतेक वेळा असा उतारा असतो. आजार ओसरला तरी श्वासमार्गाच्या अस्तरातल्या मेलेल्या पेशी एका दिवसात झडत नाहीत. त्यांच्यात अडकलेले आरएनएचे तुकडे कफाबरोबर, नाकाच्या पाण्याबरोबर हळूहळू बाहेर येत राहतात. कोणाचे दोन आठवड्यांत संपतात, कोणाचे सहा. कोरोनात ते तीन महिन्यांपर्यंत सापडू शकतात. जिवंत विषाणू मात्र सौम्य आजारात साधारण दहा दिवसांच्या आत संपतो.

हे २०२० मध्येच तपासून झालेलं आहे. जर्मनीत म्युनिकच्या नऊ रुग्णांचे नमुने रोजच्या रोज पेशींवर वाढवून पाहिले. पीसीआर पॉझिटिव्ह येत राहिली, पण लक्षणांच्या आठव्या दिवसानंतर एकाही नमुन्यात जिवंत विषाणू वाढला नाही. दक्षिण कोरियात बरे होऊन घरी गेलेले लोक पुन्हा पॉझिटिव्ह येऊ लागले तेव्हा तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने अशा २८५ जणांचा आणि त्यांच्या संपर्कातल्या ७९० माणसांचा माग काढला. त्यांच्यापासून कोणाला लागण झाल्याचा पुरावा मिळाला नाही. १०८ जणांचे नमुने पेशींवर वाढवून पाहिले, एकही वाढला नाही. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तर ८ मे २०२० लाच सौम्य रुग्णांना घरी सोडण्यासाठी निगेटिव्ह रिपोर्टची अट काढून टाकली. ४ मे २०२१ ला आयसीएमआरनेही (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने) लिहून कळवलं, की एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटी-पीसीआर पुन्हा करू नये. जो नियम सरकारने मागे घेतला तो तुमच्या फाटकावर अजून चालू आहे.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न: ‘मागच्या सोमवारी निगेटिव्ह, या शुक्रवारी परत पॉझिटिव्ह. लॅबचाच घोळ ना?’ कधीकधी घोळ असतोही, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण बहुतेक वेळा हा निव्वळ हिशेब असतो. स्वॅबची काडी ज्यात बुडवून पाठवतात ते नळीतलं गुलाबी पाण्यासारखं द्रव म्हणजे व्हीटीएम, साधारण ३ मिली, म्हणजे ३,००० मायक्रोलिटर. त्यातलं २०० मायक्रोलिटर आरएनए काढायला घेतलं, त्याचा ५० मायक्रोलिटर अर्क झाला आणि त्यातला ५ मायक्रोलिटर यंत्रात गेला, तर मूळ नळीतला दीडशेवा भागच तपासला गेला. किटनुसार आकडे थोडे इकडेतिकडे होतात. नळीत तुकडे लाखांनी असतील तर काही फरक पडत नाही. पण तिसऱ्या आठवड्यात नळीत दीडशेच तुकडे उरले असतील, तर यंत्रापर्यंत सरासरी एक तुकडा पोचतो. सरासरी एक, म्हणजे कधी दोन, कधी एक, कधी शून्य. अशा दर शंभर तपासण्यांत सुमारे ३७ वेळा शून्यच येणार. माणूस तोच, नाक तेच, नळीही तीच, तरी आज पॉझिटिव्ह आणि उद्या निगेटिव्ह. दुसऱ्या लॅबचं किट विषाणूचा दुसरा जीन, म्हणजे आरएनएचा दुसरा भाग, शोधत असेल तर तफावत आणखी वाढते.

त्यामुळे ‘दोन दिवसांनी परत करून बघा’ म्हणून तुम्ही जो निगेटिव्ह मिळवता, ती बऱ्याचदा सोडत असते. आणि सोडतीला वळण लावायची युक्ती लोकांना लवकर सापडते. स्वॅब वरवर घ्यायला सांगायचा, एवढंच. नाकाची काडी मोठ्या माणसात नाकपुडीपासून कानाच्या भोकाकडे, टाळूला समांतर, अडथळा लागेपर्यंत आत जायला हवी, तिथे काही सेकंद थांबवून फिरवायला हवी. डोळ्यांत पाणी येतं, माणूस डोकं मागे ओढतो. नाकपुडीच्या तोंडाशीच काडी फिरवून बाहेर काढली की सगळं सोपं होतं, आणि रिपोर्टही निगेटिव्ह येतो. म्हणून आम्ही प्रत्येक नमुन्यात माणसाचा स्वतःचा एक जीनही तपासतो. तो आलाच नाही तर काडीला पेशीच लागलेल्या नाहीत, मग नमुना बाद. पण थोड्या पेशी लागल्या तर तो येतो आणि अर्धवट स्वॅब खपून जातो. कापसाची, लाकडी काडीची घरगुती बोळी वापरली तर त्यातली द्रव्यं तपासणीतच अडथळा आणतात. वाहतुकीचं वेगळंच. नमुना २ ते ८ अंशांत राहायला हवा. धडगावहून चांदसैली घाट उतरून येणारा थर्माकोलचा डबा, त्यातले आइसपॅक सकाळीच वितळलेले, आणि बाहेर मे महिन्यातलं ४४ अंश तापमान, असं झालं की आरएनए वाटेतच विरतो. तोही रिपोर्ट निगेटिव्हच येतो, आणि तुमच्या फायलीत मानाने बसतो.

सीटी व्हॅल्यूबद्दल दोन शब्द, कारण हल्ली ऑफिसात तीही विचारतात. यंत्र दर फेरीत तुकड्यांची संख्या दुप्पट करतं. कितव्या फेरीला खूण दिसली तो आकडा म्हणजे सीटी. लवकर दिसली तर माल जास्त, उशिरा दिसली तर कमी. १० फेऱ्यांचा फरक म्हणजे सुमारे हजारपट आणि २० फेऱ्यांचा सुमारे दहा लाखपट. म्हणजे १८ आणि ३८ या दोन्ही आकड्यांना ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द लावणं म्हणजे वाघूर धरण आणि दारातला रांजण दोन्हींना पाणीसाठा म्हणणं. कोरोनासाठी आयसीएमआरने ३५ ही सीमा धरायला सांगितली ती यामुळेच. पण तुम्ही हा आकडा घेऊन फाटकावर नवी चाळणी लावू नका. स्वॅब किती खोल गेला, किट कोणतं, अर्क किती काढला यावर सीटी चार-पाच अंकांनी सहज हलते. दोन लॅबच्या सीटींची तुलना होत नाही. आणि सीटी व्हॅल्यू म्हणजे सीटी स्कॅनचा स्कोअर नव्हे. स्कोअर २५ पैकी वाढला तर फुप्फुस जास्त बिघडलेलं, सीटी व्हॅल्यू वाढली तर विषाणू कमी. या दोन आकड्यांच्या गोंधळात २०२१ मध्ये लोकांनी विनाकारण रात्री जागून काढल्या.

यापुढचा भाग आश्रमशाळांच्या अधीक्षकांनी नीट वाचावा. कोरोना काय किंवा फ्लू काय, माणूस सर्वांत जास्त पसरवतो तो लक्षणं दिसण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांपासून पुढच्या पाचेक दिवसांपर्यंत. तुमचा आजचा कारभार याच्या नेमका उलटा आहे. मुलाला ताप आला की पहिल्याच दिवशी त्याला भरल्या जीपमध्ये बसवून मोलगी किंवा तोरणमाळकडच्या पाड्यावर पाठवता. जीपमध्ये पंधरा माणसं, घरी एका खोलीत म्हातारी आजी. विषाणू भरात असताना मूल सगळ्यांत मिसळतं. तिसऱ्या आठवड्यात, त्याच्यापासून कोणाला काही होणार नाही तेव्हा, तुम्ही त्याला ‘निगेटिव्ह नाही’ म्हणून दारातून परत पाठवता. त्यातली काही मुलं त्या वर्षी परत येतच नाहीत.

त्याऐवजी करायचं काय? ज्या दिवशी पहिलं लक्षण आलं तो दिवस शून्य. तारीख रजिस्टरात लिहा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रिपोर्टच्या तारखेपासून मोजू नका, रिपोर्ट कधीकधी चार दिवस उशिरा येतो. मुलाला वसतिगृहातच वेगळ्या, खिडकी असलेल्या खोलीत ठेवा. निदान सात दिवस पूर्ण झाले पाहिजेत आणि त्यातले शेवटचे तीन पॅरासिटामॉल न घेता तापाविना गेले पाहिजेत. ‘न घेता’ हे शब्द महत्त्वाचे. सकाळी गोळी देऊन शाळेत पाठवलेलं मूल दुपारपर्यंत चांगलंच असतं. ताप संध्याकाळी मोजा, तो तेव्हा चढतो. उन्हातून आलेल्या मुलाला वीस मिनिटं सावलीत बसवून मग मोजा. कपाळावर धरायच्या थर्मल गनवर उन्हाळ्यात फार विसंबू नका. बहुतेक गनवर ४० अंशांच्या आतच वापरायचं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे मेमध्ये पारा त्याच्या पुढेच असतो. साधं डिजिटल थर्मामीटर काखेत लावा.

आठव्या दिवशी मूल वर्गात येऊ द्या. दहाव्या दिवसापर्यंत मास्क आणि जेवायला वेगळी पंगत, कारण मास्क जेवतानाच उतरतो. त्यानंतर काही नको. खोकला राहिला तरी अडवू नका. विषाणूच्या आजारानंतरचा कोरडा खोकला तीन ते आठ आठवडे रेंगाळतो, तो संसर्ग चालू असल्याचा पुरावा नव्हे. (दोन आठवड्यांपुढे गेला तर टीबीची तपासणी करून घ्या, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे; पण त्यासाठी विषाणूचा रिपोर्ट मागू नका.) मजुराला हाच हिशेब लावा. ऐन हंगामात जिनिंगमधला माणूस ‘मी ते बरा शे, मंग हाऊ कागद काय म्हनस?’ म्हणून तीन आठवडे फाटकावर चकरा मारतो, त्याची मजुरी जाते. पुढच्या खेपेला तो शहाणा होतो. ताप आला तरी सांगतच नाही. तुमच्या नियमाने लपवाछपवी वाढते, आणि लपवणारा माणूस पहिल्या तीन दिवसांत, म्हणजे सर्वांत वाईट वेळी, इतरांच्या खांद्याला खांदा लावून गासड्या उचलत असतो.

काही जणांना हा सात-दहा दिवसांचा हिशेब लागू नाही आणि त्यात चूक करू नका. ज्याला ऑक्सिजन लागला, जो अतिदक्षता विभागात होता, त्याच्यात जिवंत विषाणू वीस दिवसांपर्यंत राहू शकतो. कॅन्सरची केमो चालू असलेला, किडनी बदललेला, एचआयव्हीत सीडी-४ (प्रतिकार करणाऱ्या पेशींची संख्या) फार खाली गेलेला, बरेच दिवस जास्त मात्रेत स्टिरॉइड घेणारा, यांच्यात जिवंत विषाणू आठवडे, क्वचित महिनेही टिकतो. इथे पॉझिटिव्ह रिपोर्ट हा उतारा नसून खरोखर नांदता माणूस असू शकतो. अशांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांवर सोडा. तिथे पुन्हा तपासणी करायला अर्थ आहे. नंदुरबारकडच्या शाळांना आणखी एक सांगणं: सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) मुलाला ताप आणि छातीत दुखणं सुरू झालं तर रिपोर्टची वाट पाहू नका, त्याच तासाला दवाखान्यात न्या. त्याला धोका वेगळ्या गोष्टीचा आहे.

रॅपिड अँटिजन किट तुमच्या जास्त कामाचं आहे, पण तेही योग्य वेळी. ते विषाणूचं प्रथिन शोधतं आणि त्यासाठी माल भरपूर लागतो. म्हणून विषाणू भरात असताना ते पॉझिटिव्ह येतं आणि साधारण दहा दिवसांत बहुतेकांचं निगेटिव्ह होतं, थोड्यांचं दोन आठवड्यांनी. नवा ताप आला तर पहिल्या पाच दिवसांत ते करा. लक्षणं असूनही निगेटिव्ह आलं तर तेवढ्यावर ‘काही नाही’ म्हणून सोडू नका. किट ३० अंशांखाली ठेवायचं असतं. ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात मेभर ठेवलेलं किट फेकून द्या. पंधरा मिनिटांनी वाचा म्हटलं असेल तर पंधरा मिनिटांनीच वाचा. वेळेत दिसलेली फिकट रेघही पॉझिटिव्हच. पण दुपारी टाकलेल्या पट्टीवर संध्याकाळी उमटलेली रेघ म्हणजे वाळलेल्या कागदाची करामत, तिच्यावर कोणाला घरी पाठवू नका.

शहरातल्या काही शाळा आता पुढची पायरी चढल्या आहेत. त्यांना एकाच नमुन्यात वीसेक जंतू पाहणारं ‘पॅनल’ स्वच्छ लागतं. लहान मुलांच्या बाबतीत ही मागणी पुरी होणं जवळजवळ अशक्य. साध्या सर्दीच्या रायनोव्हायरसचा आरएनए आठवडेच्या आठवडे सापडतो. अॅडिनोव्हायरस टॉन्सिलमध्ये, बोकाव्हायरस नाका-घशात कित्येक महिने मुक्काम करतो, मूल अंगणात लगोरी खेळत असतं तेव्हाही. आणि एक जाईपर्यंत दुसरा येतो. आखाड लागल्यावर दिवाळीपर्यंत पॅनल स्वच्छ आलेलं पाचवीतलं मूल दाखवा, आम्ही त्याचा सत्कार करू. फ्लूचं म्हणाल तर मोठी माणसं पाच ते सात दिवस पसरवतात, लहान मुलं दहा दिवस, क्वचित जास्त. आरएसव्ही, हा श्वासमार्गाचाच आणखी एक विषाणू, साधारण तीन ते आठ दिवस, तान्ह्या बाळांत महिनाभरही. दिवस मोजणं इथेही चालतं, रिपोर्ट मोजणं नाही.

तुमच्यापैकी ज्यांचा टीबीच्या कामाशी संबंध येतो त्यांना ही गोष्ट नवी वाटू नये. सीबीनॅट आणि ट्रूनॅट या टीबीच्या जनुकीय तपासण्या मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडतात. म्हणून टीबीचं निदान त्यांवर करतात, पण उपचार लागू पडतोय का हे पाहायला थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात किंवा कल्चर लावतात, म्हणजे जंतू वाढतो का ते पाहतात. क्षयरोग विभागाला जे मान्य आहे ते शाळेच्या ऑफिसला मान्य व्हायला हरकत नसावी. टीबीचा विषय निघालाच आहे तर उलट बाजूचा धोकाही सांगून ठेवतो. ‘कोरोना पॉझिटिव्ह होता ना, त्याचाच खोकला’ म्हणत महिना काढलेला माणूस टीबीचा निघतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, थुंकीत रक्त, यातलं काहीही असेल तर त्याला विषाणूच्या तिसऱ्या तपासणीला पाठवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीचे दोन नमुने द्यायला पाठवा, त्यातला एक सकाळी उठल्याउठल्याचा. ती तपासणी मोफत आहे.

खोलीतल्या हवेवर एक ओळ. खान्देशात कूलर घरोघरी आहेत, शाळांतही आले. खिडकीत बसवलेला डेझर्ट कूलर बाहेरची हवा आत ओढतो, समोरची खिडकी उघडी असेल तर ती हवा दुसरीकडून निघून जाते. हे चांगलं. तोच कूलर खोलीच्या मध्ये ठेवून दारं-खिडक्या लावल्या तर वीस मुलांचा श्वास वीस मुलांनाच फिरवून मिळतो. पाच रिपोर्टांच्या खर्चात दोन खिडक्यांच्या बिजागऱ्या दुरुस्त होतात.

फायलीत कागद लागतोच, हे आम्हालाही कळतं. तपासणीला कोणी अधिकारी आला तर तोंडी दिवस मोजून कसं दाखवणार? तर डॉक्टरांकडून हा दाखला मागा:

‘सौ./श्री./कु. यांना ताप, खोकला इत्यादी लक्षणे दि. … रोजी सुरू झाली. शेवटचा ताप दि. … रोजी होता. त्यानंतर तापाचे औषध घेतलेले नाही. आज दि. … रोजी तपासले असता श्वासाचा त्रास नाही, ऑक्सिजनची पातळी … टक्के. रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषध: आहे / नाही. दि. … पासून शाळेत / कामावर हजर होण्यास हरकत नाही. पुन्हा विषाणू तपासणीची आवश्यकता नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की तुमचा पुढचा क्लार्क पुन्हा रिपोर्ट मागतो. नव्वद दिवसांच्या आत नवी लक्षणं आली तर मात्र ‘जुनाच पॉझिटिव्ह असेल’ म्हणून सोडून देऊ नका. नवी लागण इतक्या लवकरही होऊ शकते. तो दिवस नवा शून्य धरा आणि पुन्हा मोजा.

हे पत्र मिळाल्यावर आधी हजेरीपट उघडा. रिपोर्टसाठी थांबवलेली जी नावं आहेत त्यांच्यासमोर पहिल्या लक्षणाची तारीख लिहा. ज्यांचे दहा दिवस होऊन गेलेत, ताप नाही आणि वर सांगितलेल्या अपवादांत जे बसत नाहीत, त्यांना आजच फोन करा. धडगाव-अक्कलकुव्याकडे फोन लागत नाही. तिथे बाजाराच्या दिवशी येणाऱ्या जीपवाल्याकडे निरोप द्या.

कळावे,
खान्देशातल्या प्रयोगशाळांत स्वॅब तपासणारे आम्ही तंत्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्राचे लोक